माझा टोला, मशीनच्या फळीवर

कुणीतरी माझी जागा दुसऱ्याला दिली. कुणी दिली ते मी सांगणार नाही. ज्यानं दिली त्याला ते ठाऊक आहे, आणि जे बघत उभे होते त्यांनाही. मी एवढंच विचारतो, की घरात दोन पिढ्या वाजत आलेली वस्तू खुंटीला लटकवायची आणि कपडे शिवायची मशीन गोधडीत गुंडाळून कार्यक्रमाला न्यायची, हा कुठला न्याय?

मी संबळ बोलतोय. घाटनांदूरच्या धोंडप्पांच्या घरचा संबळ. ओसरीच्या भिंतीवर एका बाजूला छत्री आणि दुसऱ्या बाजूला धोंडप्पांचा डोक्याचा रुमाल, मधल्या खुंटीवर मी. इथून मला अंगण दिसतं आणि आतल्या खोलीतली ती मशीनही दिसते. दिसली नसती तर जीव एवढा जळला नसता.

मला दोन तोंडं आहेत. थोरलं तांब्याच्या भांड्यावर ताणलेलं, ते घुमतं. धाकटं लाकडाच्या भांड्यावर, ते तडतडतं. धोंडप्पांच्या वडिलांनी मला एका जाणत्या कारागिराकडून बनवून घेतलं. पहिला टोला पडला तेव्हा कारागिराच्या दारातलं कुत्रं झोपेतून उठून पळालं म्हणे. वडील म्हणाले, "ह्यो चालंल."

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे माझं दुखणं कळेल. आमच्याकडे लिंगायतांच्या ज्या घरांचं कुळदैवत वीरभद्र, त्यांच्याकडे लग्नाच्या वेळी गुग्गुळ निघतो. धुमसत्या गुग्गुळाचं मडकं घेऊन मिरवणूक निघते आणि तिच्यापुढे पुरवंत नाचत असतो. हातात तलवार, पायात घुंगरं, तोंडात वीरभद्राचे बोल. तो नाचता नाचता थांबतो आणि बोल म्हणतो. तो बोलत असताना मी गप्प. त्याचा शेवटचा शब्द खाली पडायच्या आत माझ्या टोल्यानं त्याला झेलायचं, हे माझं काम. शब्द नुसता पडू दिला तर तो बोल वाया गेला, असं आमच्यात मानतात.

धोंडप्पांचे थोरले भाऊ पुरवंत होते आणि मी धोंडप्पांच्या कमरेला. थोरले गेले, तेव्हापासून त्यांचे बोल फक्त धोंडप्पांना येतात. संबळवाल्याला सगळे बोल पाठ असावेच लागतात, नाहीतर टोला द्यायचा कुठं? थोरल्यांच्या मागे लातूरकडचा एक पुरवंत यायचा, त्याचे बोल वेगळे होते. घरचे बोल धोंडप्पांच्या तोंडातच राहिले.

त्या दिवसांत माझा थाट होता. निघण्याआधी मला शेकोटीवर शेकायचे, चामडं ताठ व्हायचं, मग दोन्ही तोंडांवर भस्माचं बोट. घरातल्या बायकांनी मला हात लावायचा नाही, असा नियम होता. विटाळ होतो म्हणे. ज्या समाजाला विटाळ मानू नका असं शेकडो वर्षं सांगून ठेवलंय, त्याच समाजातली ही माणसं. बरं, माझं चामडं ज्या जनावराचं, ती शेळी होती. म्हणजे बाईच. पण सोयीच्या गोष्टी माणसं लक्षात ठेवतात आणि गैरसोयीच्या विसरतात, हे मी खुंटीवरून रोज बघतो.

मग धारूरची शिवगंगा या घरात सून होऊन आली आणि तिच्याबरोबर माहेराहून आली ती मशीन.

काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायानं हलवायचा लोखंडी जाळीचा पायटा. तिच्या चाकावर चामड्याचा पट्टा होता. माझ्याच भाऊबंदातला कुणीतरी तिच्या चाकरीला! सगळी गल्ली बघायला लोटली. मला बघायला कधी कोणी असं लोटलं नव्हतं, मी असायचो तेव्हा माणसं पुरवंताकडे बघायची. मशीनला आठवड्याच्या आठवड्याला तेल मिळायला लागलं. मला वर्षातून लग्नसराईपुरती ऊब. आणि आवाज तरी कसला? खडखड. तरी मनाची समजूत काढली, की ती पोटापाण्याची आहे, मी देवाचा आहे. तिची माझी बरोबरी कशाला?

शिवगंगाला मुलगी झाली, शिवांजली. पोरगी चालायला लागली आणि अंबाजोगाईच्या रस्त्यावर धोंडप्पांची गाडी घसरली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हाताची लय काही पहिल्यासारखी जुळली नाही. टोल्यांची एक फेरी पुरी होताना शेवटचा टोला नेमका पडायला पाहिजे. तो आता किंचित मागे राहायला लागला. पायरी चढताना म्हाताऱ्या माणसाचा पाय शेवटच्या पायरीला अडतो ना, तसा.

धोंडप्पा हट्टी. रोज संध्याकाळी ते मला कमरेला बांधून ओसरीत बसायचे आणि तो एक टोला जागेवर आणायला बघायचे. त्याच वेळी आत शिवगंगा गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवत असायची. बाहेर मी, आत ती मशीन. मला वाटायचं, ही मुद्दाम माझ्यावर कुरघोडी करते. मशीनखाली चिंध्या गोळा करत बसलेली शिवांजली पायानं जमिनीवर ठेका धरायची. तिचा पाय बघून मी सुखावायचो. घरात निदान एक तरी माणूस माझं आहे, असं वाटायचं. तिच्या बापाकडून, सोमेश्वरकडून, आशाच नव्हती. त्याला मोंढ्यातल्या दुकानाबाहेरचं जग नाही, आणि आरतीला टाळीसुद्धा तो आपल्या सोयीनं वाजवतो.

मग परळीकडच्या एका लग्नात, भर मिरवणुकीत, एका पोरानं दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. "म्हातारं तालात न्हाई बे. डीजेवाल्याला सांग, लाव म्हनावं." धोंडप्पांनीही ते ऐकलं. ते घरी आले, मला खुंटीला अडकवलं आणि हातपाय धुवायला गेले. तेव्हापासून मी इथं आहे.

शिवांजली अंबाजोगाईला कॉलेजात गेली, मग पुण्याला नाच शिकायला. तिचे फोन ओसरीत बसूनच घेतले जायचे, त्यामुळे मला सगळं कळायचं. तिथल्या बाई तिला एकच गोष्ट सारखी सांगायच्या, की तुझा शेवटचा पाय उशिरा पडतो. ती फोनवर रडली होती. शिवगंगा तेव्हा एवढंच म्हणाली, "पडू दे की. पडतोय न्हवं?"

पुढे शिवांजली स्वतःचे कार्यक्रम बसवायला लागली. नुसता नाच नाही. कधी पडद्यावर सावल्या, कधी मोंढ्यातल्या हमालांचे आणि स्टेशनातल्या गाडीचे आवाज, कधी अंगभर कापडाचे लांबच लांब पट्टे. शेजारच्या मंजुळाबाई ब्लाऊजाचं माप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलंच.

"शिवगंगा, पोरगी न्येमकं काय करती गं? नाचती म्हनावं तर टीव्हीत दिसंना. शिकवती म्हनावं तर शाळा न्हाई."

"मी करते तेच करती," शिवगंगा तोंडातला दोरा तोडत म्हणाली. "कापती आन जोडती."

"मंग ब्लाऊज तरी शिव म्हनावं. लोकं पैसे देत्यात."

यंदा शिवांजली गावी आली ती नवीन काम घेऊन. अंबाजोगाईच्या हॉलमध्ये रविवारी कार्यक्रम, आणि तोही आपल्या घरावर. आपल्या घरावर! हे शब्द कानावर पडले आणि मी खुंटीवर एवढा हललो, की धुळीचा एक थर खालच्या चपलांवर पडला. आता ही वर बघणार, विटाळाचा नियम मोडून मला उतरवणार, ओढणीनं पुसणार. तिनं वर बघितलंही. मग खिशातून टेप काढली, आत गेली आणि मशीनची लांबी-रुंदी मोजली.

त्या दिवशी दुपारी ती धोंडप्पांच्या बाजेपाशी येऊन बसली.

"आप्पा, मला थोरल्या आज्याचे बोल पायजेत. तुमी स्टेजवर बसून म्हणायचे, मी नाचणार."

धोंडप्पांचा चेहरा उजळला. "आन संबळ?"

"संबळ नाही. मम्मी मशीन चालवणार."

"म्हंजी वीरभद्राच्या बोलावर ब्लाऊज शिवायचं?"

"आप्पा, ऐका तर."

"संबळ न्हाई तर बोल न्हाई."

"मग वाजवा की तुमी. मी कुठं नको म्हणते?"

"माझा हात दिसतोय न्हवं तुला?"

"मग काय करू मी? तुमी वाजवणार नाही, मशीन चालणार नाही, आणि बोल तर फक्त तुमच्याकडं. तुमच्यामागं कुणाला येणार ते? पप्पांना?"

"न्हाई आलं तर न्हाई आलं," धोंडप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

शिवांजली पाय आपटत आत गेली. बोल नसतील तर तिचं काम नुसता सांगाडा होतं, हे तिलाही माहीत होतं. आणि मला काय वाटलं विचाराल तर मला आनंद झाला. मला नाही तर कुणालाच नाही. बोल धोंडप्पांबरोबर संपले तरी चालतील, पण त्या खडखडीला मिळायला नकोत. तुम्ही मला हलकट म्हणाल. खुशाल म्हणा. तुमच्या जागी दुसरंच कुणी बसलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ऐकायचंय.

आणि धोंडप्पांनी बोल दिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं बोलांशिवायच अंगणात तालीम मांडली. पत्र्याच्या सावलीत मशीन आणून ठेवली, शिवगंगा तिच्यावर बसली. पांढऱ्या कापडाचा एक लांबलचक पट्टा सुईखालून निघाला, अंगणभर पसरला आणि त्याचं दुसरं टोक शिवांजलीनं कमरेला बांधलं. धोंडप्पा मला जिथं बांधायचे, बरोबर तिथं.

पायटा हलायला लागला. शिवांजली पुरवंताच्या पावलांनी पुढे आली. तलवार धरतात तसा हात, पण हातात काही नाही. ती मागे सरली की पट्टा ताणला जायचा, पुढे आली की ढिला पडायचा. आई शिवत होती आणि लेक तिच्या शिवणीला बांधलेली होती. मंजुळाबाई ब्लाऊज झाला का विचारायला आलेल्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

धोंडप्पा ओसरीत बाजेवर पेपर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी पेपर खाली ठेवला.

"शिवगंगा, मशीन बिघडलीया तुझी. शेवटाला अडखळती."

पायटा थांबला. शिवगंगा या घरात आल्यापासून सासऱ्यांपुढे कधी जास्तीचं बोललेली मी ऐकलेली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "मशीन नीट हाय, आप्पा. मीच अडखळवते."

"कावून?"

"तुमी तसंच वाजवायचात की. हात मोडल्यावर. रोज संध्याकाळी तुमी हितं, मी आत. माझा पाय आपसूकच तुमच्यासंगं पडायचा. आता सरळ चालवाया गेलं तर शिलाईच वाकडी येती."

धोंडप्पांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"तिकडं मॅडम म्हणायच्या, चुकतंय," शिवांजली म्हणाली. ती धापा टाकत होती. "वर्षभर तेवढंच दुरुस्त करत बसले, आप्पा. झालं पण दुरुस्त. मग मला माझाच नाच बघू वाटंना. म्हणून परत होतं तसं केलं."

"ती चूक हाय माझी," धोंडप्पा म्हणाले. "चूक ठिवली व्हय तुमी?"

"आमाला काय म्हाईत चूक?" शिवगंगा म्हणाली. "आमी तर तेच ऐकत आलो."

मी खुंटीवर ताठ झालो. म्हणजे त्या खडखडीत इतकी वर्षं मी होतो. माझा लंगडा टोला, माझ्या मालकाचं मोडलेलं मनगट, तिनं तेल पिऊन पिऊन जपलं होतं. माझा राग उतरायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. उलट तो वाढला. माझं जे होतं, तेसुद्धा आता तिच्याकडे सापडत होतं.

तरी एक आशा उरलेली होती. धोंडप्पा बाजेवरून उठले. सावकाश माझ्याकडे चालत आले. त्यांचा हात वर आला, तोच हात, मनगटापाशी जरा वाकडा. चामडं सैल असूनही मी ताणला गेलो. हात माझ्या बाजूनं पुढे गेला आणि शेजारचा रुमाल काढला. उघड्या डोक्यानं बोल म्हणत नाहीत.

रुमाल बांधून धोंडप्पा मशीनजवळच्या स्टुलावर बसले. घसा खाकरला. "न्हाई जमलं तर हसू नका."

"कोन हसतंय?" मंजुळाबाई म्हणाल्या.

आणि इतक्या वर्षांनी मी ते बोल ऐकले. आवाज चिरका झाला होता, पण चढ-उतार थोरल्यांचेच होते. "जटा आपटली, भुई फाटली, वीर उभा राहिला गा." शिवांजली एका पायावर थांबली. शिवगंगानं पायटा धरून ठेवला. शेवटचा शब्द अंगणात पडायला लागला. त्याला झेलणारं कुणी नव्हतं, शिवांजलीनं ती जागा मोकळीच ठेवली होती.

पण आयुष्यभर बोल झेललेल्या माणसाला ती जागा मोकळी ठेवता येत नाही. धोंडप्पांचा उजवा हात उचलला गेला आणि समोर जे होतं त्यावर पडला. मशीनच्या लाकडी फळीवर. किंचित उशिरा. त्याच क्षणी शिवांजलीचा पाय जमिनीवर आला आणि पायटा खाली गेला. तिघांचं एकाच जागी पडलं.

ज्या एका टोल्यासाठी मला घडवलं, तो माझ्या मालकानं माझ्या डोळ्यांदेखत तिच्या फळीवर दिला. आणि आवाज चांगला आला. हे मी सांगायला नको होतं, पण खोटं तरी किती बोलू? फळी घुमली आणि खालच्या खणात रिकाम्या बॉबिनी खुळखुळल्या. घुंगरांसारख्या.

धोंडप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "हात गेला माझा. चुकून."

"आप्पा, हेच ठेवा," शिवांजली म्हणाली.

"फळीवर मारायचं व्हय? लोकं काय म्हनतील?"

"हेच ठेवा आप्पा, पाया पडते. मी एवढे दिवस तिथं काय ठेवायचं तेच शोधत होते."

धोंडप्पांनी सुनेकडे बघितलं. शिवगंगानं फळीवरची कात्री आणि खडू उचलून बाजूला ठेवले. त्यांच्या हाताला जागा करून दिली.

"बाई गं, काटा आला अंगावर," मंजुळाबाई म्हणाल्या. "आन माझं ब्लाऊज कवा व्हनार?"

त्यानंतर रोज तालीम झाली. रोज मी बघितली. शिवांजली बोल शिकतेय हेही मी ऐकलं. धोंडप्पा सांगायचे, ती म्हणायची, चुकली की ते फळीवर बोटानं टकटक करायचे. बोल संपणार नाहीत, एवढं नक्की झालं. आणि हे सगळं माझ्यावाचून झालं.

आज रविवार. दारात टेम्पो लागलाय. मशीन गोधडीत गुंडाळून मागे चढवली, तिला दोन्हीकडून दोऱ्या बांधल्या, वर शिवगंगानं उशी ठेवली. उशी! धोंडप्पा धुतलेलं धोतर नेसून, रुमाल बांधून अंगणात खुर्चीवर बसलेत. त्यांना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, माझ्याबरोबर असतानासुद्धा.

जाता जाता तुम्हाला एक सांगतो. या घरी येणारे पाहुणे माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, वारसा जपलाय हो तुम्ही. ते ऐकलं की माझी सैल कातडी आणखी सैल पडते. तुमच्या भिंतीवर माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल, तर त्याला एकदा शेकून बघा. वाजवता येत नसेल तरी चालेल, चुकीचं वाजवा. इथं बघितलंत ना, चुकीचंसुद्धा केवढं लांब जातं. फक्त नुसतं टांगून त्याचं कौतुक करू नका. आणि घरात दुसरी कुठली खडखड असेल, तर ती त्याच्या डोळ्यांआड ठेवा. एवढी दया करा.

टेम्पोवाला बिभीषण दोऱ्या आवळून पाणी प्यायला ओसरीत आलाय. तांब्या तोंडाला लावून त्यानं मान वर केली आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"आप्पा, ह्याला कावून ठिवलं?"

"ते न्हाई वाजवायचं आज," धोंडप्पा खुर्चीतूनच म्हणाले.

बिभीषणनं तांब्या खाली ठेवला, चपला काढल्या आणि मला खुंटीवरून उतरवायला हात वर केला.

"न्हाई वाजवायचं तर ऱ्हाऊ द्या की. पर ऐकाया तर बसू द्या त्याला. लई वर्सं दुसऱ्यांनाच ऐकवत आलंय बिचारं."